टोपाला झाकण नाही? ताटलीत पाणी ओता

मुंबईत नोकरी-शिक्षणासाठी नव्याने आलेल्यांच्या स्वयंपाकघरात झाकण असलेलं भांडं क्वचितच सापडतं. आधीच्या भाडेकरूंनी मागे ठेवलेला टोप, कुणाच्या तरी घरून आलेली कढई, एक फ्रायपॅन आणि तवा. झाकणं तेवढी कुठेतरी राहून गेलेली असतात. चिपळूणहून येऊन करी रोडला आम्ही चौघींनी खोली घेतली तेव्हा आमच्याकडे हेच होतं. पहिल्या आठवड्यात मी फरसबीची भाजी उघड्या कढईत केली. तीनदा पाणी घातलं, तीनदा ते आटलं. शेवटी भाजी कडेने करपली आणि आत कच्ची राहिली. शेजारच्या काकू सहज डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, ताट आहे ना तुझ्याकडे? ठेव वर आणि त्यात फुलपात्रभर पाणी ओत." बारा-पंधरा मिनिटांत दुसरी भाजी मऊ शिजली, आणि कढईत मी एक थेंब पाणी घातलं नव्हतं.

तेव्हापासून अनेक नव्या मुलामुलींना मी हे शिकवलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की झाकणाच्या जागी काय ठेवायचं हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, या पदार्थाला झाकण कशासाठी हवंय? कारण प्रत्येक पदार्थाला ते वेगळ्या कामासाठी लागतं, आणि काम कळलं की वस्तू घरातच सापडते.

झाकण नेमकं काय करतं

भाजीवर झाकण ठेवलं की आतली वाफ त्याच्या खालच्या बाजूला आपटते, गार होते, तिचं पाणी होतं आणि ते परत भाजीवर पडतं. म्हणून भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. दुसरं काम उष्णतेचं. १ ग्रॅम पाणी आपल्याकडच्या हवेच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ७० कॅलरी लागतात, पण त्याच १ ग्रॅमची वाफ व्हायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणजे उघड्या टोपातून वाफ उडत असते तेव्हा गॅसची बरीचशी उष्णता खिडकीतून बाहेर जात असते, आणि आपण आच वाढवत बसतो. तिसरं काम वरची बाजू शिजवण्याचं. थालीपीठ, आंबोळी, अर्धकच्चं अंडं यांना खालून तवा मिळतो, वरून फक्त कोंडलेली वाफ. चौथं काम शिंतोडे अडवण्याचं. पिठलं फदफदायला लागलं की ते कळतं.

भाजीला पहिलं काम हवं असतं, भाताला दुसरं, थालीपिठाला तिसरं. पुढे जे काही सांगणार आहे ते याच्याच आधाराने.

पाण्याची ताटली

आपल्याकडे कुठल्याही आजीला विचारा, ती 'झाकणावर पाणी ठेवून वाफ काढ' असंच सांगेल. ही झाकण नसल्यामुळे केलेली तडजोड आहे असं समजू नका. परतून, वाफेवर शिजवायच्या कोरड्या भाजीसाठी पाण्याची ताटली ही काचेच्या महागड्या झाकणापेक्षा सरस आहे. ताटलीत गार पाणी असेपर्यंत तिचं बूड फार तापत नाही, त्यामुळे वाफेचं पाणी भराभर होतं आणि सपाट बुडावरून सगळ्या भाजीवर सारखं ठिबकतं. घुमटासारख्या झाकणावरून तेच पाणी कडेला ओघळतं. शिवाय पाण्याच्या वजनाने ताटली नीट बसते, आणि मध्येच भाजीला पाणी लागलंच तर गरम पाणी हाताशी तयार असतं. गार पाणी घातलं की भाजीचं शिजणं थांबतं. मटकीसारखं कडधान्य त्याने दडदडीत राहतं, असं आमच्या घरी सांगतात.

पाव किलो फरसबी घेऊन एकदा करून बघा, म्हणजे हात बसेल.

१. फरसबी बारीक चिरा. सगळे तुकडे सारखे असू द्या. लहानमोठे झाले तर काही गळतात आणि काही कच्चे राहतात.

२. कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद. फोडणीत भाजी टाकून मोठ्या आचेवर २ मिनिटं परता. सगळ्या तुकड्यांना तेल लागलं पाहिजे.

३. मीठ आत्ताच घाला. मिठाने भाजीला पाणी सुटतं आणि वाफ त्याच पाण्याची होणार आहे. भाजी धुतल्यावर अगदी कोरडी केली असेल तर पाण्याचा एक हबका मारा.

४. आच बारीक करा. कढईवर स्टीलची ताटली ठेवा आणि त्यात अर्धा पेला पाणी ओता. पाण्याची उंची बोटाच्या एका पेरापेक्षा कमी असू द्या. काठोकाठ भरलेली ताटली उचलताना सांडते, आणि सांडलं तर ते भाजीत आणि बर्नरवर.

५. ५ मिनिटं हात लावू नका. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. दर मिनिटाला उघडून बघितलं की कोंडलेली वाफ जाते आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

६. ५ मिनिटांनी उघडून तळापासून हलवा, परत झाका. अशा दोन-तीन वाफा झाल्या की १२ ते १५ मिनिटांत फरसबी शिजते. कोबीला ८-१० मिनिटं पुरतात. बटाट्याच्या काचऱ्यांना १० ते १२. मोड आलेल्या मटकीला १५ ते २०, आणि तिला ताटलीतलं गरम पाणी थोडं थोडं घालावं लागतं.

७. शेवटची २ मिनिटं झाकण काढून परता, म्हणजे उरलेलं पाणी उडतं आणि भाजी कोरडी, चकचकीत होते. खोबरं, कोथिंबीर त्यानंतर.

ताटलीतल्या पाण्याकडे लक्ष ठेवा. ते कडकडीत तापून वाफाळायला लागलं की त्याचं गारव्याचं काम संपलं. मग ते पळीने काढून भाजीत घाला किंवा वेगळ्या भांड्यात ठेवा, आणि नवं गार पाणी ओता.

उचलण्याची पद्धत महत्त्वाची आहे. पाण्याने भरलेली ताटली तिरकी करता येत नाही, म्हणून आधी पळीने निम्मं पाणी काढून घ्या. मग सांडशीने कड घट्ट पकडा, दुसऱ्या हातात दुमडलेला जाड सुती कपडा घेऊन समोरची बाजू धरा, आणि सरळ वर उचला. सांडशी नसेल तर या महिन्याच्या पहिल्या पगारात ती घ्या. झाकण वर्षभर नसलं तरी चालेल, सांडशीवाचून चालवू नका.

कुठली ताटली, किती मोठी

ताटलीचं बूड भांड्याच्या तोंडापेक्षा सगळ्या बाजूंनी निदान बोटभर मोठं असावं. किंवा मग अशी खोलगट ताटली घ्या जिचं बूड आत उतरतं आणि कड काठावर अडकते. ही दुसरी सगळ्यात चांगली बसते, कारण ती सरकत नाही. धोका आहे तो जेमतेम मापाच्या ताटलीचा. ती एका बाजूला दोन-चार मिलिमीटर सरकते आणि सगळी आत पडते. आमच्या खोलीत एकीच्या रश्शात अशी ताटली पडली, उकळता रस्सा तिच्या मनगटावर उडाला आणि तिला दोन दिवस कामावर जाता आलं नाही. शंका असेल तर गॅस लावायच्या आधी रिकाम्या भांड्यावर ताटली ठेवून चारही बाजूंनी बोटाने ढकलून बघा.

साहित्य स्टीलचंच. मेलामाइनच्या प्लेट दिसायला चिनी मातीसारख्या असतात, पण गरम भांड्यावर त्या ठेवू नयेत. प्लास्टिक तर नाहीच. साध्या काचेची प्लेट तापल्यावर तिच्यात गार पाणी ओतलं तर तडकू शकते, आणि काचेचे कण भाजीत शोधता येत नाहीत. ती भाजी टाकूनच द्यावी लागते. कटिंग बोर्ड ठेवलेले मी पाहिले आहेत. लाकडी असेल तर वाफेने वाकतो, प्लास्टिकचा असेल तर मऊ पडतो. वर्तमानपत्राचा कागद अन्नाच्या जवळही नेऊ नका, त्याची शाई अन्नात उतरते.

ताटली पुरेशी मोठी नसेल तर परात बघा, ती लहान कढईवर मजेत बसते. दुसरा मोठा टोप सरळच, बूड खाली करून भांड्यावर ठेवला तरी तो झाकणच झाला, आणि त्यात पाणी भरलं की डाळ भिजवायला, कणीक मळायला कोमट पाणी फुकटात मिळतं. लोखंडी तवा पालथा घातला तर उत्तम बसतो, त्याच्या वजनामुळे वाफ कमी निसटते. पण टोमॅटो, कोकम, चिंच घातलेल्या आंबट पदार्थावर तो ठेवू नका. आंबट वाफेने लोखंडाला गंज धरतो आणि काळे थेंब खाली पडतात. लांब दांड्याच्या हलक्या फ्रायपॅनवरही तवा नको, तोल जातो. आणि नॉनस्टिक भांड्यावर काहीही ठेवलंत तरी ते घासत सरकवू नका, सरळ उचला, नाहीतर काठावरचा थर खरवडला जातो.

इंडक्शन शेगडी असेल तरी हे सगळं तसंच चालतं, कारण शेगडी फक्त भांड्याचं बूड तापवते. मायक्रोवेव्हमध्ये मात्र स्टीलची ताटली किंवा फॉइल चालणार नाही. तिथे चिनी मातीची प्लेट, तीही थोडी फट ठेवून.

भात: दोन रस्ते

झाकणाशिवाय भात म्हटलं की नवी मुलं घाबरतात. खरं म्हणजे भाताला सुरुवातीला झाकण लागतच नाही, पाणी आटल्यावर लागतं.

पहिला रस्ता बसवलेल्या भाताचा. १ वाटी कोलम तांदूळ धुऊन २० मिनिटं निथळत ठेवा. टोपात सव्वादोन वाट्या पाण्याचं आधण ठेवा, मीठ घाला. घट्ट झाकण असतं तर दोन वाट्या पुरल्या असत्या, वरची पाव वाटी निसटणाऱ्या वाफेची. पाणी खळखळ उकळलं की तांदूळ वैरा, एकदा हलवा आणि मध्यम आचेवर उघडाच ठेवा. सात-आठ मिनिटांत पाणी तांदळाच्या पातळीला येतं आणि वर लहान लहान भोकं दिसायला लागतात. आता आच अगदी बारीक करा, ताटली ठेवा आणि तिच्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवा. इथे ताटलीत पाणी ओतायचं नाही. भाताला वरून ठिबकणारं पाणी नको आहे, कोंडलेली उष्णता हवी आहे, म्हणून नुसतं वजन. ८ ते १० मिनिटांनी गॅस बंद करा. मग ताटलीच्या खाली एक स्वच्छ, कोरडा पंचा किंवा जाड सुती रुमाल पसरून परत झाका आणि १० मिनिटं मुरू द्या. वाफेचे थेंब कपड्यात मुरतात आणि शितं मोकळी राहतात. कपडा फक्त गॅस बंद झाल्यावर. पेटत्या गॅसवर कापडाचं टोक खाली लोंबू देऊ नका.

दुसरा रस्ता आमच्या कोकणातला, भात वेळण्याचा. यात पाण्याचं माप चुकण्याची भीतीच नाही, म्हणून अगदी पहिल्यांदा करणाऱ्याला मी हाच सांगते. १ वाटी तांदळाला सहा-सात वाट्या पाणी उकळा, तांदूळ घाला आणि उघडाच शिजू द्या. झाकलंत तर उतू जाईल. दहा मिनिटांनी एक शीत बोटात दाबा. मध्ये कणी लागली नाही की झालं. मग पेज गाळून काढायची. यासाठी वेळणी नावाचं खास भांडं असतं, पण चाळणीने काम होतं: चाळणी मोठ्या टोपावर ठेवा आणि भात सावकाश ओता, चेहरा बाजूला ठेवून. भात परत टोपात घाला, वर ताटली ठेवा, मंद आचेवर २-३ मिनिटं. उकडा तांदूळ असेल तर शिजायला जवळपास दुप्पट वेळ धरा. आणि पेज ओतून देऊ नका. मीठ आणि चमचाभर तूप घालून गरम प्यायली की रात्री उशिरा लोकलने लोंबकळत आलेल्या माणसाला जेवणाआधीच बरं वाटतं.

पोह्यांना एवढं काही नाही. फोडणीत पोहे परतून झाले की कोरडी ताटली ठेवून २-३ मिनिटं वाफ, बस्स. ताटलीत पाणी ठेवलं तर पोह्यांवर थेंब पडून गोळे होतात. साबुदाण्याच्या खिचडीला त्याहून कमी, दाणे पारदर्शक दिसेपर्यंतच. जास्त झाकली की ती चिकट होते. उपम्याला मात्र ४-५ मिनिटं द्या.

तव्यावरचे पदार्थ

तव्याला झाकण कधीच नसतं, तरी थालीपीठ झाकूनच करतात. इथे ताटली उपयोगाची नाही: ती थालीपिठाला टेकते, आणि तिच्या सपाट बुडावरून पाणी ठिबकून वरची बाजू चिकट होते. इथे घुमट हवा. म्हणून कढई पालथी घाला. तिच्या गोल पोटावरून थेंब कडेला ओघळतात आणि पदार्थावर पडत नाहीत. भाजीसाठी सपाट आणि तव्यासाठी गोल, एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

थालीपीठ तव्यावर थापून मध्ये आणि भोवती भोकं पाडा, भोकांत तेल सोडा, कढई पालथी घाला आणि मंद आचेवर ३-४ मिनिटं ठेवा. वरचा रंग बदलला, बोट लावून पीठ चिकटलं नाही, की उलटा. उलटल्यावर परत झाकायचं नाही, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. आंबोळीला मिनिट-दीड मिनिट पुरतं. घावनालाही तसंच, तो पातळ असल्यामुळे त्याहून लवकर होतो. आंबोळी तर उलटायचीही नाही, तिची जाळी वरच राहू द्यायची.

कढई तव्यापेक्षा लहान असावी. मोठी असेल तर तिचे कान आचेत येतात आणि हात भाजतो. कढई मोठीच असेल तर लहान टोप पालथा घाला, बूड सपाट असलं तरी तो उंच असल्याने चालतो. अंड्याला तर मोठी वाटी पुरते. फ्रायपॅनमध्ये अंडं फोडलं, कडेला चमचाभर पाणी सोडलं आणि वर वाटी पालथी घातली की मिनिटभरात वरचा पांढरा भाग धरतो, बलक मऊ राहतो.

पान, कागद, फॉइल, कणीक

झाकण म्हणजे धातूचंच हवं असं नाही. रायगडात, अलिबागच्या बाजूला थंडीत पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी, अंडी भरतात, भांबुर्ड्याच्या पाल्याने मडक्याचं तोंड गच्च बंद करतात आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब न घालता अर्ध्या-पाऊण तासात सगळं शिजतं. पाला झाकणाचंही काम करतो आणि वासाचंही. ज्याने एकदा पोपटी खाल्ली आहे त्याला झाकण म्हणून पान वापरणं कमीपणाचं वाटणार नाही.

खोलीत मडक्याभोवती जाळ करता येत नाही, पण केळीचं पान दादरच्या फूलबाजारात मिळतं. पानाची मधली शीर काढा, पान आचेवरून झरकन फिरवा म्हणजे ते लवचीक होतं आणि फाटत नाही. भांड्याच्या तोंडापेक्षा किंचित लहान तुकडा कापून थेट भाजीवर किंवा मासळीवर दाबून बसवा. कडा आतच राहिल्या पाहिजेत, बाहेर लोंबल्या तर जळतात. पान नसेल तर कोबीची बाहेरची जाड पानं, जी आपण एरवी फेकतो, ती भाजीवर पसरा. वाफ धरून ठेवायला ती पुरेशी असतात.

कागद वापरायचा तर ओव्हनमध्ये चालणारा बेकिंगचा कागद. मेण लावलेला नको, मेण वितळून अन्नात उतरतं. चौकोनी तुकडा चार पदरी दुमडा, मग पतंगासारखा त्रिकोण करा, टोक भांड्याच्या मध्यावर धरून काठापाशी कापा. उलगडला की भांड्याच्या मापाचा गोल तयार. तो रश्शावर अलगद ठेवला की पाणी सावकाश आटतं आणि वर साय धरत नाही. टोमॅटोचा सार किंवा स्ट्यू तासभर मंद ठेवायचा असेल तर हे फार चांगलं जमतं.

ॲल्युमिनियम फॉइल घाईच्या वेळी ठीक आहे. दोन पदर घ्या, काठाभोवती आवळून बसवा, मध्ये सुरीने एक छोटी चीर द्या. आंबट पदार्थाला ती टेकू देऊ नका, आंबटाने तिला बारीक भोकं पडतात. आणि काढताना चीर स्वतःपासून दूर ठेवून लांबची कड आधी उघडा. फॉइल एकदम फाटते आणि सगळी वाफ हातावर येते.

दम द्यायचा असेल, बिर्याणी किंवा खिमा, तर ताटली ठेवून टोपाच्या काठावर कणकेची जाड वळी दाबून बसवा. आच अगदी मंद, आणि खाली तवा ठेवून त्यावर टोप. वर मोठं वजन ठेवू नका. वाफ वाढली की कणकेला कुठेतरी फट पडते आणि ती निसटते, ती निसटायला जागा राहिलीच पाहिजे. याच कारणाने प्रेशर कुकरचं झाकण किंवा रबर खराब झालं असेल तर त्यावर काहीही घट्ट बांधून शिट्ट्या काढायचा प्रयत्न करू नका. कुकरचं भांडं साधा टोप म्हणून वापरा, वर सुटी ताटली ठेवा, वेळ जास्त लागू द्या.

जिथे झाकायचंच नाही

भेंडी उघडीच परता, झाकली की तार सुटते. पालेभाजी हिरवी राहायला हवी असेल तर पहिली काही मिनिटं उघडी शिजवा. पानांतली आम्लं वाफेबरोबर बाहेर जाऊ द्यायची असतात, कोंडली तर ती रंग काळपट करतात. तळलेली मासळी, विशेषतः बोंबील, शिजतानाही झाकू नका आणि उतरवल्यावरही नाही, एका मिनिटात नरम पडते. दूध तापवताना आणि उघड्या टोपात डाळ शिजवताना ताटली पूर्ण बसवू नका, एक कलथा आडवा ठेवून त्यावर टेकवा. फट राहिली की फेस वर येऊन गॅसवर सांडत नाही. आमटी, मासळीचं कालवण यांनाही झाकण लागत नाही, ती आटूनच दाट होतात.

वाफेपासून हात जपा

वाफ दिसत नाही आणि म्हणून फसवते. कुठलंही झाकण उघडताना लांबची कड आधी उचला, म्हणजे वाफ तुमच्यापासून दूर जाते. ओढणी, सैल बाही आवरून घ्या. एक बर्नरची शेगडी खिडकीजवळ असेल तर भांडं उघडताना खिडकीकडे तोंड करून वाकू नका, वारा वाफ तुमच्याकडे ढकलतो. भाजलंच तर लगेच साध्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. २० मिनिटं फार वाटतात, तरी धरा. बांगडी, अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काही लावू नका. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, डोळे, सांध्यावर भाजलं असेल तर डॉक्टरांकडे जा.

शेवटी झाकण घ्यायचंच ठरवलं तर

दोऱ्याने किंवा पट्टीने भांड्याच्या तोंडाचं माप घ्या, बाहेरच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत. अंदाजाने घेतलेलं झाकण मी दोनदा परत करायला गेले आहे. सगळ्यात सोपं म्हणजे भांडं कागदावर पालथं घालून पेन्सिलने गोल काढा आणि कागद घेऊन दुकानात जा, किंवा टोपच पिशवीत टाका. भांड्यांच्या दुकानात सुटी झाकणं मिळतात, त्यासाठी पूर्ण सेट घ्यायची गरज नसते. मुंबईत बरेच दुकानदार त्याला 'ढाकण' म्हणतात, तसं मागा. घराजवळच्या दुकानात माप मिळालं नाही तर भुलेश्वर, तांबाकाटा भागात जा, तिथे भांड्यांची दुकानं ओळीने आहेत. एकच झाकण तीन-चार मापांच्या भांड्यांना चालावं अशी गोल खाचांची झाकणंही असतात, जागा कमी असलेल्या खोलीला ती बरी.

पण स्टीलचं घेत असाल तर मध्ये मूठ असलेलं, घुमटाकार घेऊ नका. कड उभी असलेलं, मध्ये सपाट आणि थोडं खोलगट असं निवडा, आणि घ्यायच्या आधी दुकानदाराकडे अर्धा पेला पाणी मागून त्यात ओतून बघा. पाणी त्यात राहिलं पाहिजे.